घटक ४ : खाँसाहेब अब्दुल करीम खाँ – एक आवाज आणि दोन यंत्रे

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस :
• खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या जीवनाचा व कार्याचा परिचय करून देता येईल.
• आरंभीच्या ध्वनिमुद्रण यंत्रांचा शोध आणि त्यांचे कार्य सोप्या शब्दांत सांगता येईल.
• कर्ण्याच्या साहाय्याने होणारे आणि विजेच्या साहाय्याने होणारे ध्वनिमुद्रण यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• चरित्राचे साधन म्हणून ध्वनिमुद्रिकेचे मोल आणि तिच्या मर्यादा यांचे विवेचन करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, लेखकाचे चरित्र लिहिणाऱ्याजवळ त्याचे ग्रंथ आणि पत्रे असतात. राज्यकर्त्याच्या चरित्रकाराला दप्तरे आणि बखरी उपयोगी पडतात. गायकाच्या बाबतीत मात्र पेच पडतो. त्याचे कर्तृत्व आवाजात असते आणि आवाज उमटताक्षणीच विरतो. त्यामुळे तानसेनाविषयी आपल्याजवळ आख्यायिका पुष्कळ आहेत, परंतु त्याचा स्वर कसा होता हे सांगणारे साधन एकही नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत ही स्थिती पालटली. आवाज उमटवून ठेवणारे आणि तो पुन्हा ऐकवणारे यंत्र निर्माण झाले. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ हे या यंत्राच्या कक्षेत आलेल्या हिंदुस्थानी गवयांच्या पहिल्या पिढीतील होत. त्यांच्या चरित्राचे वैशिष्ट्य असे की, ऐन तारुण्यात त्यांचा आवाज कर्ण्याच्या यंत्राने टिपला आणि उतारवयात तोच आवाज मायक्रोफोनने टिपला. माणूस एकच, यंत्रे दोन. म्हणून त्यांच्या जीवनाचा अभ्यास करताना एक प्रश्न सतत समोर ठेवावा लागतो : यंत्राने त्यांच्या गाण्यातील काय राखले आणि काय गाळले? प्रस्तुत घटकात आपण खाँसाहेबांचे चरित्र या प्रश्नाच्या अनुषंगाने पाहणार आहोत.

४.२ किराणा, बडोदे आणि मुंबई

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर हिंदुस्थानातील किराणा या गावी झाला. या गावावरूनच त्यांच्या घराण्याला नाव मिळाले. घरात गायन आणि सारंगीवादन परंपरेने चालत आलेले होते. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. सारंगी, बीन, सतार आणि तबला या वाद्यांवरही त्यांनी हात बसवला. पुढे त्यांच्या गळ्यात जो अखंड, रेशमी स्वर दिसतो, त्याचा संबंध सारंगीच्या गजाशी जोडला जातो. सारंगीचा स्वर तुटत नाही. तो एका जागेवरून दुसऱ्या जागी घसरत, मधल्या सर्व छटांना स्पर्श करीत जातो. खाँसाहेबांच्या गाण्याचे वर्णनही याच शब्दांत करता येईल.

तरुणपणी ते बंधू अब्दुल हक यांच्यासह बडोद्याच्या दरबारात गायक म्हणून राहिले. तेथे सरदार माने यांच्या घराण्यातील ताराबाई माने यांच्याशी त्यांचा परिचय झाला. धर्म आणि सामाजिक दर्जा या दोन्ही बाबतींत अंतर असलेले हे नाते दरबारी वातावरणात मान्य होण्यासारखे नव्हते. दोघांनी बडोदे सोडले आणि १८९८ च्या सुमारास मुंबई गाठली. दरबारचा आश्रय सुटला आणि त्या जागी महाराष्ट्र व उत्तर कर्नाटक येथील रसिकांचा आश्रय आला. मिरज, सांगली, बेळगाव, धारवाड, पुणे आणि मुंबई हा त्यांचा पुढील आयुष्याचा प्रदेश ठरला. म्हैसूरच्या दरबारातही त्यांचे जाणे-येणे राहिले आणि तेथे कर्नाटक संगीताचा त्यांचा परिचय वाढला. या काळात ग्वाल्हेर घराण्याचे रहिमत खाँ यांच्या गायकीचाही त्यांच्यावर प्रभाव पडला.

दरबारी गवयाचे श्रोते ठरलेले आणि मोजके असत. दरबार सोडलेल्या गवयाला मात्र अनोळखी श्रोत्यांपर्यंत पोहोचावे लागते. खाँसाहेब या वळणावर उभे असतानाच एक नवे यंत्र हिंदुस्थानात येऊन दाखल झाले. त्याची घडण प्रथम समजून घेऊ.

४.३ आवाज लिहिणारे यंत्र

ध्वनी म्हणजे हवेची कंपने, हे तत्त्व विद्वानांना पूर्वीपासून ठाऊक होते. फ्रान्समधील एदुआर-लिऑन स्कॉट द मार्तिनव्हिल याने १८५७ मध्ये या कंपनांचे आलेख काढणारे यंत्र तयार केले. कर्ण्यात बोलले की त्याच्या टोकाशी ताणलेला पातळ पडदा थरथरे आणि पडद्याला जोडलेला ताठ केस काजळी धरलेल्या कागदावर नागमोडी रेषा ओढी. हे यंत्र आवाज लिहीत असे, पण वाचून दाखवीत नसे. त्याने १८६० मध्ये काढलेली एक रेषा संगणकाच्या साहाय्याने प्रथम ऐकता आली ती २००८ मध्ये.

लिहिलेला आवाज वाचून दाखवण्याचे काम अमेरिकेत टॉमस एडिसन याने १८७७ च्या अखेरीस साध्य केले. तेव्हा अब्दुल करीम पाच वर्षांचे होते. एडिसनच्या फोनोग्राफमध्ये पितळी दंडगोलाभोवती कथलाचा पातळ पत्रा गुंडाळलेला असे. हाताने दांडा फिरवीत कर्ण्यात बोलायचे. पडद्याला जोडलेली सुई आवाजाच्या चढउतारानुसार पत्र्यात कमी-अधिक खोल दाबली जाई. नंतर सुई पुन्हा आरंभी आणून दंडगोल फिरवला की त्याच खाचांवरून जाताना सुई वरखाली हले, पडदा थरथरे आणि बोललेले शब्द परत ऐकू येत. पत्रा मऊ असल्याने काही वेळा वाजवल्यावर खाचा पुसट होत. १८८६ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या प्रयोगशाळेतील मंडळींनी पत्र्याऐवजी मेणाचा उपयोग करून आवाज अधिक स्पष्ट केला.

तथापि दंडगोलाला एक मोठी अडचण होती. त्याच्या प्रती काढणे कठीण होते. शंभर प्रती हव्या असतील, तर आरंभीच्या काळात गायकाला तेच गाणे अनेक यंत्रांसमोर पुन्हा पुन्हा गावे लागे. जर्मनीतील हॅनोव्हर येथे जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या एमिल बर्लिनर याने हा प्रश्न सोडवला. १८८७ मध्ये त्याने ग्रामोफोनचे पेटंट घेतले, तेव्हा अब्दुल करीम पंधरा वर्षांचे होत होते. बर्लिनरने पुढे दंडगोलाच्या जागी सपाट तबकडी आणली. त्याच्या यंत्रात सुई वरखाली न हलता डावी-उजवीकडे हलते आणि तबकडीवर वर्तुळाकार, नागमोडी खाच कोरत जाते. सपाट वस्तूचा ठसा घेता येतो आणि ठशावरून हव्या तेवढ्या प्रती दाबून काढता येतात. ग्रंथाच्या छपाईचे तत्त्व आवाजाला लागू झाले ते येथे.

मराठी भाषेच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. आपण ज्याला ध्वनिमुद्रण म्हणतो, त्या शब्दात मुद्रा म्हणजे ठसा हे पद आहे. ग्रंथमुद्रणाच्या धर्तीवर बनलेला हा शब्द यंत्राच्या कार्याशी तंतोतंत जुळतो. तबकडीवरील गाणे खरोखरच ठशाने छापलेले असते. बोलभाषेने मात्र इंग्रजीतून रेकॉर्ड आणि प्लेट हे शब्द उचलले, तर यंत्राच्या तोंडाला कर्णा हा आपला जुना शब्द दिला.

४.४ कर्ण्यासमोरचे गाणे

लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्याला आला. त्याने ११ नोव्हेंबर १९०२ रोजी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. पुढील काही वर्षांत कंपनीची पथके मोठ्या शहरांत फिरू लागली. १९०५ मध्ये अब्दुल करीम खाँ यांच्या गाण्याचे मुद्रण झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बत्तीस होते.

हे मुद्रण कसे चाले ते पाहू. या यंत्रात वीज कोठेही नसे. भिंतीतून किंवा पडद्यातून पुढे आलेल्या मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी गायक बसे. कर्ण्याच्या अरुंद टोकाशी पातळ पडदा आणि त्याला जोडलेली कोरणारी सुई असे. सुईखाली मेणाची जाड तबकडी फिरे. तिचा वेग एकसारखा राहावा म्हणून यंत्र वजनाच्या आधारे चालवीत. वजन हळूहळू खाली उतरे आणि चाके फिरत. सुईला मेण कापण्यासाठी लागणारा सगळा जोर गायकाच्या गळ्यातूनच मिळायचा. त्यामुळे हळू स्वर उमटत नसे आणि फार मोठा स्वर सुईला खाचेबाहेर उडवी. गायकाने खालच्या स्वरांना कर्ण्याजवळ सरकावे, तारसप्तकात मान मागे घ्यावी, अशी कसरत करावी लागे. साथीदारांनाही कर्ण्याच्या सोयीने कमी-अधिक अंतरावर बसवीत.

एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. मेणावर उमटलेले गाणे तेथेच वाजवून पाहता येत नसे, कारण वाजवताना सुईने मऊ खाच बिघडे. म्हणजे आपण कसे गायलो हे गायकाला त्या दिवशी कळतच नसे. हिंदुस्थानात मुद्रित झालेल्या मेणाच्या तबकड्या पेट्यांत भरून समुद्रमार्गे जर्मनीतील हॅनोव्हरला जात. मेणावर बारीक ग्राफाइट पसरून, विजेच्या साहाय्याने त्यावर तांब्याचा थर चढवून उलटा ठसा तयार करीत आणि त्या ठशाखाली गरम केलेला चपडा लाखेचा गोळा दाबून तबकडी काढीत. या लाखेत दगडाची पूड आणि काजळी मिसळलेली असे. ही लाख प्रामुख्याने हिंदुस्थानातूनच निर्यात होई. म्हणजे लाखही येथून जाई, आवाजही येथून जाई आणि दोन्ही एकजीव होऊन महिन्यांनंतर जहाजाने परत येत. आज न्हावा शेवा येथे, मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर, १९८९ पासून चालू असलेल्या बंदरातून मालपेट्यांची अखंड ये-जा आपण पाहतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अशाच सागरी वाटेने गवयांचे स्वर परदेशी जाऊन माल म्हणून परत येत होते. १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदह येथे कारखाना निघाल्यावर हा प्रवास टळला.

हॅनोव्हरच्या कारागिरांना हिंदुस्थानी भाषा समजत नसत. तबकडी कोणाची हे ओळखता यावे म्हणून गाणे संपताच गायकाने आपले नाव मोठ्याने उच्चारावे, असा प्रघात त्या काळी पडला. कारागिरांच्या सोयीसाठी आलेला हा प्रघात आज इतिहासाच्या अभ्यासकाला उपयोगी पडतो.

४.४.१ कर्ण्याने काय राखले, काय गाळले?

(अ) वेळ : दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. विलंबित ख्यालात एकेक स्वर घेऊन रागाची सावकाश बढत करणे हे किराणा गायकीचे मर्म आहे. मैफलीत यासाठी तासभर लागू शकतो. तबकडीवर ही बढत गाळूनच गावे लागे. स्थायी, अंतरा, थोडा आलाप आणि काही ताना एवढ्यात राग उभा करावयाचा, ही एक नवीनच शिस्त होती.

(आ) स्वरांचा पल्ला : कर्ण्याच्या यंत्रावर साधारणतः २५० ते २५०० हर्ट्झ एवढ्याच कंपनसंख्यांचे ध्वनी नीट उमटत. तानपुऱ्याच्या खर्जाचा मूळ स्वर या मर्यादेच्या खाली राहतो, म्हणून जुन्या तबकड्यांत तानपुरा जवळजवळ ऐकू येत नाही. ज्याच्या आधारावर गाणे उभे राहते, तोच आधार यंत्राने गाळला.

(इ) वर्ण : आता भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहू. आ, ई, ओ यांसारख्या स्वरवर्णांची ओळख पटवणारी कंपने बहुतांशी वरील पल्ल्यात येतात. सकाराची सळसळ मात्र मुख्यतः ४००० हर्ट्झच्या पुढे असते. त्यामुळे कर्ण्याच्या तबकडीत स्वरवर्ण टिकतात आणि घर्षक व्यंजने पुसट होतात. चमचा या शब्दातील च आणि चार या शब्दातील च यांत मराठी माणूस जो सूक्ष्म भेद करतो, तोही अशा यंत्रावर अंधूक होणार. आकाराने स्वर लावून गाणाऱ्या गायकाला हे यंत्र तुलनेने अनुकूल होते, तर शब्दांच्या उच्चाराला प्रतिकूल होते.

(ई) वेग : तबकडीचा वेग त्या काळी सर्वत्र एकसारखा नव्हता. मिनिटाला ७८ फेऱ्या हे प्रमाण पुढे रूढ झाले. मुद्रणाच्या वेळच्या वेगापेक्षा तबकडी सुमारे सहा टक्के जलद फिरवली, तर गाणे अर्ध्या स्वराने वर चढते. स्वरांची परस्पर अंतरे बदलत नाहीत, परंतु षड्ज, लय आणि आवाजाची जात बदलते. १९०५ च्या तबकड्या ऐकून खाँसाहेब नेमके कोणत्या पट्टीत गात होते, असे विधान करताना म्हणूनच सावधगिरी बाळगावी लागते.

येथे आणखी एक समकालीन घटना ध्यानात घ्यावी. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्येच प्रसिद्ध झाला. मराठीच्या बोलींचे नमुने त्यात अक्षरांत छापलेले आहेत. गवयाचा आवाज त्या वर्षी तबकडीवर गेला, परंतु शेतकऱ्याची बोली कागदावरच राहिली. या सर्वेक्षणाच्या अंगाने भाषा व बोलींची ग्रामोफोन मुद्रणे प्रांतोप्रांती झाली ती १९१३ ते १९२९ या काळात.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
१. एडिसनच्या आणि बर्लिनरच्या यंत्रांत सुईच्या हालचालीचा फरक कोणता?
२. मेणावर उमटलेले गाणे गायकाला लगेच का ऐकता येत नसे?
३. कर्ण्याच्या तबकडीत सकार पुसट का ऐकू येतो?

४.५ श्रुती मोजण्याचा प्रयत्न

खाँसाहेबांचा यंत्राशी संबंध ध्वनिमुद्रणापुरता नव्हता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे हिंदुस्थानी संगीतातील बावीस श्रुतींचे गणिती मोजमाप करू पाहत होते. तारेची लांबी आणि तिच्या स्वराची कंपनसंख्या यांच्या प्रमाणावरून श्रुतीचे स्थान निश्चित करता येईल, अशी त्यांची धारणा होती. यासाठी अचूक आणि स्थिर लागणारा गळा हवा होता. तो त्यांना अब्दुल करीम खाँ यांच्या रूपाने मिळाला. देवलांचे हे संशोधन १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. सनदी नोकरीतील इंग्रज अधिकारी ई. क्लेमंट्स यांनी त्यात रस घेतला आणि बावीस श्रुतींची पेटी तयार करवून घेतली. बडोदे येथे १९१६ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या विषयाची चर्चा झाली. पण श्रुतिपेटीला संगीतज्ञांची मान्यता मिळू शकली नाही.

या प्रयत्नाचे महत्त्व त्याच्या यशापयशावर अवलंबून नाही. पेटीतील पट्टी दाबली की ठरलेला स्वर निघतो. खाँसाहेबांच्या गळ्यात मात्र एकाच रागातील कोमल गंधार आरोहात एका जागी तर अवरोहात किंचित दुसऱ्या जागी लागे आणि दोन जागांमधला प्रवास हाच गाण्याचा प्राण असे. स्थिर बिंदू मोजणाऱ्या यंत्राला हा प्रवास सापडत नव्हता. ध्वनिमुद्रण यंत्राचे बळ नेमके येथे आहे. त्याला स्वराचे नाव ठाऊक नसते आणि गणितही कळत नाही. पडदा जसा हलला तशी खाच ते कोरते. म्हणून श्रुतिपेटीला जे जमले नाही ते कर्ण्याच्या साध्या यंत्राने, मर्यादित पल्ल्यात का होईना, साधले.

४.६ विद्यालय, कुटुंब आणि मिरज

१९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. घराण्यातील विद्या बाहेरच्यांना न देण्याची प्रवृत्ती त्या काळी प्रबळ होती. खाँसाहेबांनी ही विद्या सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसमोर ठेवली. त्यांच्या शिष्यांत रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, गणपतराव बेहेरे आणि रोशनआरा बेगम यांची नावे अग्रभागी आहेत.

विद्या देण्याच्या या उदारपणाचा आणि ध्वनिमुद्रणाला दिलेल्या संमतीचा परस्परसंबंध आहे. तबकडीवर गाणे दिले की चीज आणि गायकी कोणाच्याही हाती पडते, ही भीती अनेक बुजुर्गांना वाटत असे. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ आणि पंडित भास्करबुवा बखले हे खाँसाहेबांचे समकालीन आणि तेवढेच श्रेष्ठ गायक होते. त्यांचे गाणे आज ऐकण्याची सोय नाही. शिष्यांच्या गाण्यावरून आणि आठवणींवरून त्यांची कल्पना करावी लागते. खाँसाहेबांचे गाणे मात्र ऐकता येते.

खाँसाहेबांच्या कौटुंबिक जीवनात पुढे मोठी तूट आली. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावे बदलली आणि ती माने व बडोदेकर या आडनावांनी वाढली. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कृष्णराव माने, कमलाबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही ती पाच भावंडे. संगीतक्षेत्रात या भावंडांनी मोठे नाव कमावले. पित्याचे नाव त्यांच्या नावामागून निघून गेले, तरी पित्याची गायकी त्यांच्या गळ्यात राहिली.

खाँसाहेब मिरजेत स्थिरावले. तेथील ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची निस्सीम श्रद्धा होती. तंतुवाद्ये बनवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात त्यांच्यातील वाद्यांचा जाणकारही रमला. वाद्ये दुरुस्त करण्यात आणि तानपुरे जुळवण्यात त्यांचा हातखंडा होता.

४.७ मायक्रोफोनसमोरचे गाणे

दरम्यान ध्वनिमुद्रणाचे तंत्र मुळापासून बदलले होते. १९२५ मध्ये अमेरिकेत विजेच्या साहाय्याने होणारे ध्वनिमुद्रण व्यापारी पातळीवर सुरू झाले. या पद्धतीत आवाजाची कंपने मायक्रोफोनमध्ये शिरून विजेच्या प्रवाहात चढउतार निर्माण करतात. निर्वात नलिकांच्या साहाय्याने हा क्षीण प्रवाह अनेक पटींनी वाढवला जातो आणि तो विद्युतचुंबकाद्वारे कोरणारी सुई हलवतो. मेण कापण्याचे बळ आता गायकाच्या छातीतून यावे लागत नव्हते. ते विजेतून येत होते. सुमारे ५००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी उमटू लागले आणि खालचा पल्लाही वाढला. कुजबुजसुद्धा टिपता येऊ लागली.

या बदलाचा लाभ कोणत्या गायकाला अधिक होणार, हे उघड आहे. ज्यांचा आवाज बुलंद होता ते कर्ण्यावरही शोभत. खाँसाहेबांचा आवाज मुळातच नाजूक, अणकुचीदार आणि अंतर्मुख होता. वयाची साठी ओलांडल्यानंतर, १९३४ पासूनच्या दोन-तीन वर्षांत, ओडियन या मूळच्या जर्मन नाममुद्रेखाली त्यांची नवी ध्वनिमुद्रणे झाली. त्यांत बसंतासारख्या रागांतील ख्याल आहेत, झिंझोटी, भैरवी आणि जोगिया या रागांतील ठुमरीच्या अंगाचे गाणे आहे, मराठी नाट्यपदे आहेत आणि त्यागराजांची कर्नाटक पद्धतीची कृतीही आहे. एवढी भिन्न गानरूपे एकाच गायकाच्या तबकड्यांत एकत्र येणे हे त्यांच्या भ्रमंतीचे आणि खुल्या मनाचे फलित होय.

या तबकड्यांत तानपुऱ्याचा झंकार ऐकू येतो. स्वर लागताना श्वासाची हालचाल जाणवते, स्वर सोडतानाचे विरणे जाणवते. वेळेची मर्यादा मात्र तशीच राहिली. दहा इंची तबकडीवर अजूनही तीनच मिनिटे होती. परंतु ठुमरी, नाट्यपद किंवा छोटा ख्याल तीन मिनिटांत पूर्णत्वाला नेण्याची कला आता त्यांना पुरेपूर साधली होती. या तबकड्यांत घाई आढळत नाही.

चरित्रकाराच्या दृष्टीने येथे एक विसंगती दिसते. आज खाँसाहेबांचे गाणे म्हणून आपण जे ऐकतो, ते प्रामुख्याने त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांतले आहे. बडोदे सोडून आलेला, उमेदीतला तरुण गायक आपल्याला कर्ण्याच्या अर्ध्या दारातूनच भेटतो. दोन्ही काळांची तुलना करताना आवाजातील फरक किती वयामुळे पडला आणि किती यंत्रामुळे, हे वेगळे करून पाहणे आवश्यक आहे. हा विवेक न बाळगल्यास यंत्राचे दोष गायकाच्या माथी मारले जातात किंवा यंत्राचे गुण गायकाच्या खात्यावर जमा होतात.

४.८ अखेर आणि वारसा

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जात असताना रेल्वेत खाँसाहेबांची प्रकृती बिघडली. सिंगापेरुमाल कोइल या लहानशा स्थानकावर ते उतरले आणि तेथेच त्यांचे निधन झाले. पार्थिव मिरजेला आणून दर्ग्याच्या परिसरात दफन करण्यात आले. तेथील उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गायक-वादक आजही सेवा रुजू करतात.

त्यांच्यामागे शिष्यपरंपरा राहिली, तशीच तबकड्यांचीही एक परंपरा राहिली. गदगच्या भीमसेन जोशी यांनी बालपणी खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि तसे गाता यावे या ध्यासाने घर सोडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पुढे सवाई गंधर्वांकडे त्यांना रीतसर तालीम मिळाली. या उदाहरणातून तबकडीचे स्थान नेमके कळते. तबकडीने ओढ लावली, परंतु विद्या गुरूच्या समोर बसूनच मिळाली. तीन मिनिटांत न मावलेली बढत शिष्यपरंपरेने राखली. शिष्यपरंपरेला न राखता येणारा प्रत्यक्ष स्वर तबकडीने राखला. खाँसाहेबांचे चरित्र पुरे करण्यास दोन्ही साधने लागतात.

४.९ सारांश

अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) यांनी दरबार सोडून महाराष्ट्र व कर्नाटक ही कर्मभूमी केली, विद्यालय काढून विद्या मुक्तहस्ते दिली आणि श्रुतीच्या शास्त्रीय अभ्यासाला आपला गळा दिला. त्यांचा आवाज १९०५ मध्ये कर्ण्याच्या यंत्रावर आणि १९३४ नंतर विजेच्या यंत्रावर मुद्रित झाला. पहिल्या यंत्राने पल्ला, वेळ आणि बारकावे यांना कात्री लावली; दुसऱ्याने बारकावे परत मिळवून दिले, परंतु वेळेची मर्यादा कायम ठेवली. ध्वनिमुद्रिका हे चरित्राचे अस्सल साधन आहे. मात्र कोणत्याही कागदपत्राप्रमाणे ते तपासून वापरावे लागते.

४.१० पारिभाषिक शब्द

कर्णा : ध्वनी एकवटणारे वा पसरवणारे, एका टोकाला रुंद व दुसऱ्या टोकाला अरुंद असे नळकांडे.
ठसा : मेणाच्या तबकडीवरून घेतलेला धातूचा उलटा साचा.
चपडा लाख : शुद्ध करून पातळ पापुद्र्यांच्या रूपात तयार केलेली लाख.
हर्ट्झ : एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या मोजण्याचे परिमाण.
बढत : रागातील स्वरांचा क्रमाक्रमाने केलेला विस्तार.
घर्षक : हवा अरुंद जागेतून घासत जाऊन निर्माण होणारे व्यंजन, उदा., स, श.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ ची उत्तरे
१. एडिसनच्या यंत्रात सुई वरखाली हलून कमी-अधिक खोल खाच पाडते. बर्लिनरच्या यंत्रात ती डावी-उजवीकडे हलून नागमोडी खाच कोरते.
२. वाजवताना सुईने मेणाची मऊ खाच बिघडत असे.
३. सकाराची कंपने मुख्यतः कर्ण्याच्या यंत्राच्या पल्ल्याबाहेर, ४००० हर्ट्झच्या पुढे असतात.

४.११ सरावासाठी प्रश्न

१. दंडगोलाऐवजी तबकडी आल्याने ध्वनिमुद्रणाला मुद्रणाचे स्वरूप कसे आले, ते स्पष्ट करा.
२. श्रुतिपेटी आणि ध्वनिमुद्रण यंत्र यांच्या मर्यादांची खाँसाहेबांच्या गायकीच्या संदर्भात तुलना करा.
३. गायकाच्या चरित्राचे साधन म्हणून ध्वनिमुद्रिका वापरताना कोणती पथ्ये पाळावीत?
४. टिपा लिहा : (अ) आर्य संगीत विद्यालय (आ) मेणाच्या तबकडीपासून लाखेच्या तबकडीपर्यंतचा प्रवास.

उपक्रम : आपल्या घरातील किंवा परिसरातील एखाद्या वृद्ध व्यक्तीकडून जुनी ओवी, आरती किंवा कहाणी भ्रमणध्वनीवर मुद्रित करा. मुद्रणापूर्वी त्यांची संमती घ्या. व्यक्तीचे वय, गाव, बोली आणि दिनांक यांची नोंद करा. नंतर ते ऐकून लिहून काढा आणि लिहिताना आवाजातील कोणत्या गोष्टी अक्षरांत आणता आल्या नाहीत, त्याविषयी एक परिच्छेद लिहा.